गव्हर्नर पडतो, पण केबिन धरत नाही: जुन्या लिफ्टची सेफ्टी बदलतानाच्या नोंदी

४ जानेवारी

लिफ्ट ८ माणसांची, ६३० किलोची. वेग सेकंदाला १ मीटर, ६ थांबे, मशीन रूम वर. तपासणीच्या कागदावर दोष एकाच ओळीत लिहिलाय: गव्हर्नर पडतो, केबिन धरली जात नाही. (गव्हर्नर म्हणजे केबिनचा वेग जोखणारं मशीन रूममधलं चाक, त्याची स्वतःची वेगळी दोरी असते. तो ‘पडतो’ म्हणजे ती दोरी पकडायला जातो.)

आज स्वतः करून बघितलं. मशीन रूममध्ये गव्हर्नर हाताने पाडला, जबडा दोरीवर बसला, आणि रिकामी केबिन इन्स्पेक्शनवर (दुरुस्तीच्या हळू वेगावर) खाली सोडली. दोरी थांबायला हवी होती. ती जबड्यातून सरसर सरकत राहिली आणि केबिन निवांत खाली निघाली.

हे काम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी साखळी एकदाच सांगतो. वेग ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की गव्हर्नरची वजनं बाहेर फेकली जातात आणि जबडा दोरीवर पडतो. दोरी थांबते, केबिन मात्र खाली जातच असते, त्यामुळे दोरीला बांधलेला केबिनवरचा लिव्हर वर ओढला जातो. लिव्हर केबिनखालच्या पाचरा वर चढवतो आणि त्या गाइड रेलला, म्हणजे केबिनच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या रुळांना, चावतात. पाचरांच्या या ब्रेकला सेफ्टी म्हणतात. ब्रेक लावायला मोटर लागत नाही, वीजही लागत नाही. केबिनचं खाली जाणंच तिला थांबवतं. त्यामुळे मधली एक कडी सैल असली तरी बाकीच्या सगळ्या शोभेच्या.

५ जानेवारी

मेन स्विचला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. दिवसभर मोजमापं.

गव्हर्नरच्या जबड्याचे दात बोटाला लागतच नाहीत, इतके गुळगुळीत. दोरी ६ मिमीची, ती व्हर्नियरवर ५.५ भरली. जबडा बसवून दोरीला स्प्रिंगचा काटा लावला: १८० न्यूटनला दोरी सरकते. मग केबिनवर जाऊन लिव्हर उचलायला किती जोर लागतो ते पाहिलं: १६० न्यूटन. ईएन ८१ या युरोपीय मानकात सांगितलंय की गव्हर्नरने दोरीत किमान ३०० न्यूटन किंवा सेफ्टी लावायला लागणाऱ्या जोराच्या दुप्पट, यातला जो आकडा मोठा तेवढा ताण द्यायला हवा. इथे ३२० हवे होते. काट्यावर १८० नि १६० असतानाही प्रत्यक्षात सेफ्टी लागली नाही, कारण हलत्या दोरीवर जबडा आणखी कमी धरतो.

लिव्हरला १६० का लागतात तेही कळलं. कधीतरी केबिनचा सांगाडा रंगवला गेला तेव्हा सांधे, पिना, बुश, सगळ्यावर ब्रश फिरवलाय. रंगाने लिव्हर जवळजवळ चिकटलेला. सांधे रॉकेलने धुऊन, रंग खरवडून पुन्हा मोजलं तर ११०. निम्मा आजार रंगाचाच होता. पण जुन्या पाचरांचे दातही गोल झालेत आणि पाचरा बसतात त्या ब्लॉकवरची पाटी वाचता येत नाही. किती वजनासाठी बसवलेत हेच कळत नसेल तर ते ब्लॉक ठेवण्यात अर्थ नाही. गव्हर्नर, दोरी, ती ताठ ठेवणारी खालची ताणपुली आणि सेफ्टीचे दोन्ही ब्लॉक बदलायचे ठरलं.

८ जानेवारी

ऑर्डर दिली. ब्लॉक प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सरकत सरकत धरणारे. झटक्यात धरणारे ब्लॉक ०.६३ मीटर वेगापर्यंतच चालतात; इथे १ मीटरवर ते लागले तर आतल्या माणसांचे गुडघे जातील.

कारखान्याने विचारलेलं: रेलच्या पात्याची जाडी (१६ मिमी), रेल तेलाची की कोरडी (तेलाची), केबिनचं वजन, गव्हर्नर डावा की उजवा. वजन जुन्या कागदावरून लिहिलं, ७८०. गव्हर्नरपुढे लिहिलं ‘उजवा’. शेवटच्या दोन्ही उत्तरांचा हिशोब पुढे येतोच.

२० जानेवारी

माल आला. ब्लॉक छान आहेत. गव्हर्नर उलटा आहे.

चूक शंभर टक्के माझी. मी मशीनच्या बाजूला उभा राहून ‘उजवा’ ठरवला. कारखान्याच्या चित्रात बघणारा गव्हर्नरच्या तोंडासमोर उभा असतो, स्विच आणि वजनं दिसतात त्या बाजूला. हा गव्हर्नर एकाच दिशेला धरणारा आहे. आहे तसा बसवला तर केबिन वर जाताना जबडा पडणार आणि खाली जाताना नुसता बघत बसणार. अर्धा फेरा फिरवून बसवला तर दिशा बरोबर येते, पण मग तोंड भिंतीकडे, आणि भिंत ७० मिमीवर. स्विच रीसेट करायला हात जाणार नाही. काका (आमचे जुने फिटर) म्हणाले, “आरसा लाव आणि पट्टीने ढकल.” असलं काही ठेवून गेलो तर पुढच्या मेकॅनिकच्या शिव्या मलाच लागतील. परत पाठवला. अकरा दिवस गेले.

ऑर्डर देणाऱ्यांनी डावा-उजवा शब्दात लिहू नये. कागदावर गोल काढा, समोरून दिसेल तसा, केबिनची दोरी कोणत्या बाजूला उतरते ते दाखवा आणि खाली जाताना चाक कुठे फिरतं त्याचा बाण काढा.

२३ जानेवारी

वाट बघताना एक गोष्ट टोचत होती: केबिनचं वजन. केबिनमध्ये दगडी फरशी आहे, आणि जुन्या कागदात तिचा उल्लेखच नाही. नंतर कोणीतरी शोभेसाठी घातलेली.

केबिन वरच्या टोकाला नेली, काउंटरवेट (केबिनला दुसऱ्या बाजूने तोलणारं वजन) खाली टेकूवर बसवलं, शाफ्टच्या माथ्यावरच्या हुकला दोन टनी चेन पुली आणि मधे लटकता डिजिटल काटा. दोर सैल पडल्यावर काटा ९४२ वर थांबला. कागदापेक्षा १६० किलोंहून जास्त.

फरशीचा एक कोपरा उचकटला. १.१ बाय १.४ मीटरची केबिन, २० मिमी दगड म्हणजे ८० किलोंच्या थोडं वर. त्याखाली २५ मिमी सिमेंटचा गिलावा, तोही जवळपास तितकाच. आकडा जुळला.

नव्या ब्लॉकच्या पाटीवर भरल्या केबिनचं वजन लिहिलंय: १३०० ते १५०० किलो. ७८० अधिक ६३० म्हणजे १४१०, अगदी मधोमध. पण ९४२ अधिक ६३० म्हणजे १५७२. अशा केबिनखाली हा ब्लॉक धरणार, पण हवा त्यापेक्षा लांब सरकून धरणार. ब्लॉकची स्प्रिंग कारखान्यातून ठरवून, सील करून येते. जागेवर पाना लावायची ती गोष्ट नाही. शिवाय काउंटरवेटमध्ये त्या १६० किलोंपोटी एक पाटही वाढवलेला नव्हता, म्हणजे मशीनचा ब्रेक आणि दोरांची पकडही इतकी वर्षं जास्तीचा भार सोसत होती. कोणाला त्याचं काही नव्हतं, कारण फरशी चमकत होती.

दोन वाटा: ब्लॉक परत पाठवून जास्त वजनाचे मागवायचे, किंवा फरशी काढायची. फरशी काढायची ठरलं.

२५ जानेवारी

दीड दिवस छिन्नी-हातोडा. फरशी, गिलावा बाहेर, पातळ रबरी शीट आत. पुन्हा वजन केलं: ७८८. अर्धा भार ठेवून वर आणि खाली जाताना मोटरचा करंट तपासला. दोन्हीकडे जवळजवळ सारखा. म्हणजे काउंटरवेट मुळात बरोबर होतं.

एक मूर्खपणा नोंदवून ठेवतो. दगड फोडताना केबिनच्या फटींवर काही झाकलं नाही. धूळ शाफ्टमध्ये उतरली आणि तेलकट रेलवर बसली. मी वरवर फडकं मारलं आणि पुढे गेलो. याची किंमत ९ फेब्रुवारीला मोजली.

२७ जानेवारी

ब्लॉक बसवले. पिटमध्ये (शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात) केबिन लोखंडी बीमवर टेकवली, जुने ब्लॉक उतरवले. नवे बोल्ट बसवण्याआधी रेलची जाडी आठ ठिकाणी मोजली: सात ठिकाणी १५.९, तिसऱ्या मजल्याजवळ १५.४. पूर्वी कधीतरी सेफ्टी लागली असणार, आणि चावल्याच्या खुणा काढायला कोणीतरी कानस जोरात चालवलेली. खुणा काढताना वर आलेली धार फक्त मोडायची असते. खड्डा भरून येत नाही म्हणून आजूबाजूचं लोखंड त्याच्या पातळीला आणायचं नसतं. आमच्या ब्लॉकच्या कागदात दिलेल्या मर्यादेत १५.४ बसतं, म्हणून ठेवलं.

पाचर आणि रेल यांच्यात दोन्हीकडे २.५ मिमी फट ठेवली. फिलर गेज लावून, समाधानाने. हे समाधान चुकीचं होतं.

३१ जानेवारी

नवा गव्हर्नर आला, दिशा बरोबर. बसवायला दोन तास. मग दोरी.

दोरीचं वेटोळं जमिनीवर आडवं ठेवून मदतनीस टोक धरून ओढत गेला. असं ओढलं की प्रत्येक वेढ्यागणिक दोरीला एक पीळ बसतो. अकरा मीटरवर गाठीसारखा वळसा आला आणि आम्ही बघेपर्यंत आवळला. सरळ केल्यावर डोळ्यांना दिसत नाही, पण बोट फिरवलं की कळतं: तारांचे पदर उचललेत. ४५ मीटर दोरी फुकट. वेटोळं चाकासारखं उभं फिरवत सोडायचं, हे मला माहीत होतं. त्याला सांगितलं नाही.

काकांनी नुसतं एवढंच विचारलं, “आता?” नवी दोरी यायला दोन दिवस.

ही एवढीशी दोरी. केबिनचं वजन तिच्यावर कधीच नसतं, म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. १९४५ च्या २८ जुलैला बी-२५ विमान एम्पायर स्टेट इमारतीवर आदळलं तेव्हा एका लिफ्टचे मुख्य दोर तुटले आणि गव्हर्नरची दोरीही. लिव्हर ओढायला काही उरलंच नाही, सेफ्टी लागली नाही, केबिन ७५ मजले खाली गेली. आतली लिफ्ट चालवणारी बेटी लू ऑलिव्हर जखमी झाली पण वाचली. लिफ्टची पहिली सेफ्टी गाजवणाऱ्या एलिशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उंच फलाटावर उभं राहून दोर तोडायला लावला होता. त्याची युक्ती मुख्य दोराचा ताण गेला की लागायची, तिला वेगळी दोरी लागत नव्हती. आपली सेफ्टी वेगावर लागते, दोर शाबूत असतानाही. त्याबदल्यात ही ६ मिमीची दोरी सांभाळावी लागते.

२ फेब्रुवारी

दोरी चढली. दोन्ही टोकांना थिंबल (दोरीच्या फासात बसणारी लोखंडी खोबण) आणि तीन-तीन क्लॅम्प. मदतनिसाने क्लॅम्पचे यू आकाराचे बोल्ट ताणाच्या दोरीवर बसवले होते. उलटे करून घेतले. क्लॅम्पचं बूड ताणाच्या बाजूला, यू मेलेल्या, म्हणजे ताण नसलेल्या, टोकावर. उलट बसवला तर यू नेमकी कामाची दोरीच चेपतो.

खाली ताणपुली, तिचं वजन लोंबकळतं ठेवलं, दोरी सैल पडली तर कापणारा स्विच जोडला. पिटच्या जमिनीपासून १५० मिमी वर.

३ फेब्रुवारी

गव्हर्नर किती वेगाला पडतो ते तपासलं. १ मीटरच्या लिफ्टला आणि असल्या सेफ्टीला तो १.१५ च्या आत पडू नये आणि १.५ च्या पुढे जाऊ नये. पाटीवर लिहिलंय १.३१.

दोरी पुलीवरून उतरवली, ड्रिल मशीनला रबरी चाक लावून पुली हळूहळू फिरवत नेली, टॅकोमीटरचं चाक कडेला टेकवलं. टक्कन पडला: १.४१. पुन्हा, १.४१. तिसऱ्यांदाही तेच. मी सील तोडायला पक्कड हातात घेतली होती. काकांनी पुलीवर बोट ठेवलं: “तू मोजतोस कुठे?”

मी बाहेरच्या कडेवर मोजत होतो. कडेचा व्यास २१६ मिमी, दोरी बसते तिथे २००. कड अर्थातच जास्त वेगाने पळते. १.४१ ला २०० ने गुणून २१६ ने भागलं की १.३१ च्या आसपासच येतं. त्यानंतर चाकाचे फेरेच मोजले: मिनिटाला १२५ ला पडतो. हिशोब चोख. सील शाबूत.

जबड्याची पकड: ३८० न्यूटनपर्यंत दोरी हलली नाही, पुढे ओढलं नाही.

५ फेब्रुवारी

पहिली हळू चाचणी. रिकामी केबिन, इन्स्पेक्शनचा वेग, आत कोणी नाही, गव्हर्नर हाताने पाडलेला. केबिन धरली! चार जानेवारीपासून हा आवाज ऐकायचा होता: आधी स्विच, मग लोखंडाचा एक दबका कण्हता आवाज, मग वरचे दोर सैल.

पण खुणा मोजल्या तर डावीकडे ५८ मिमी, उजवीकडे ३५. डावी पाचर २३ मिमी आधी लागली. केबिनचा तळ थोडा कलला होता. मानकातल्या ५ टक्क्यांच्या आत, पण भरल्या वेगात हेच दुप्पट झालं तर सांगाडा पिळतो.

६ फेब्रुवारी

कारण सापडायला अर्धा दिवस. फट पुन्हा मोजली: डावीकडे २.५, उजवीकडे ४.५. मी तर दोन्हीकडे २.५ लावली होती.

लावली होती, पण केबिन बीमवर बसलेली असताना. बीम कणभर तिरका होता. केबिन पुन्हा दोरांवर लटकली, आपल्या जागी आली, आणि उजवीकडची फट वाढली. पाचरेचा उतार साधारण १० ला १. म्हणजे फटीत २ मिमीचा फरक असेल तर पाचरेला २० मिमी जास्त चढावं लागतं. उरलेले ३ मिमी दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या दांड्याच्या पिनेत निघाले. भोक अंडाकृती झालं होतं. भोक मोठं करून बुश ठोकला, नवी पिन. फट लटकत्या केबिनवर लावली, गाइड शूचे (केबिनला रेलवर धरणाऱ्या सरकत्या तुकड्यांचे) झिजलेले लायनर बदलून. पुन्हा चाचणी: ४६ आणि ४४.

केबिनवरचा सेफ्टीचा स्विचही उशिरा तुटत होता, पाचर रेलला लागून गेल्यावर. मोटर बंद व्हायच्या आधी पाचर चावली तर मशीन दोर ओढतच राहतं. स्विच ढकलणारा कॅम ६ मिमी सरकवला. आता पाचर रेलला टेकण्याआधी स्विच तुटतो.

९ फेब्रुवारी

भरल्या वजनाची चाचणी. १२५ टक्के म्हणजे ७८७.५ किलो: २५ किलोची ३१ वजनं आणि एक साडेबाराचं. चाचणीपुरते गव्हर्नरचा आणि केबिनवरचा सेफ्टीचा स्विच तारेने जोडून ठेवले, म्हणजे ते तुटले तरी मशीन बंद होऊ नये, ब्रेक उघडा, मशीन चालू. पूर्ण वेगात खाली येताना मशीन रूममधून गव्हर्नर पाडला.

धरली, पण २९० मिमी सरकून. १ मीटर वेगात ०.२ जी ने (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) थांबायला साधारण २५५ मिमी लागतात, १ जी ने ५१. चाचणीत काउंटरवेट दोरांना असतं म्हणून हा हिशोब तंतोतंत लावता येत नाही, तरी २९० ही शाबासकी नव्हे.

आणि दुसरी फजिती: केबिन दोन मजल्यांच्या मधोमध अडकली, उंबऱ्यापासून सव्वा मीटर खाली. जुन्या पॅनलवर इमर्जन्सीचा वेगळा स्विच नाही. ब्रेक उघडून हाताचं चाक फिरवलं तर दोघांच्या जोराने हललं नाही. केबिन वर उचलल्याशिवाय पाचर सुटत नाही आणि इतक्या वजनासकट ती उचलत नाही. शेवटी दार उघडून ३१ वजनं एकेक करून वर ओढून काढली. अडीच तास, दोन पाठी. केबिन दारासमोर थांबेल अशा ठिकाणी गव्हर्नर पाडायचा, हे आधी सुचायला हवं होतं.

रेलवर बोट फिरवलं. राखाडी लगदा. दगडाची धूळ आणि तेल. शिवाय रेलवरच्या तेलाच्या डब्यांत कोणीतरी गिअरचं तेल भरलेलं. आमच्या ब्लॉकच्या कागदात असं घर्षण कमी करणारं तेल वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय.

१० फेब्रुवारी

वरपासून खालपर्यंत रेल धुतले. रॉकेल, सुती फडकी, परत कोरडं फडकं. डबे रिकामे करून कागदात सांगितलेलं तेल, वातीला नुसतं ओलं राहील एवढंच. पाचरा काढून दातांतली धूळ पितळी ब्रशने. पूर्ण दिवस, आणि तो वाचवता आला असता: २५ जानेवारीला एक चादर पसरली असती तर.

११ फेब्रुवारी

दुसरी चाचणी, तेच वजन. या वेळी तिसऱ्या मजल्याच्या दारावर खडूची खूण करून. डावीकडे १४२, उजवीकडे १३९. केबिन उंबऱ्याच्या ४० मिमी खाली थांबली. वजनं चालत बाहेर आली. रिकामी झाल्यावर हाताच्या चाकाने केबिन वर उचलली, पाचरा सुटल्या, गव्हर्नर आणि केबिनवरचा स्विच हाताने रीसेट. चाचणीसाठी जोडलेल्या तारा काढल्या. काढल्याची सही दोघांनी केली, कारण ती तार राहून गेली तर आत्तापर्यंतचं सगळं काम गेलं.

रेलवरच्या धारा बारीक कानसने मोडल्या. खड्डे ठेवले.

सहा दिवसांचं काम सांगितलं होतं. हाताने केलेलं काम साडेतेरा दिवस, उलट्या गव्हर्नरची वाट अकरा, दोरीची दोन. फुकट गेलं: ४५ मीटर दोरी, एक जोडी लायनर (चुकीचं माप), गव्हर्नरचं येणं-जाणं.

१३ मार्च

महिन्याने तपासलं. नवी दोरी ताणली गेलीय, ताणपुलीचं वजन १५० वरून ९५ मिमीवर आलंय. आणखी उतरलं असतं तर दोरी सैल धरून तो स्विचच लिफ्ट बंद करत राहिला असता. क्लॅम्प सोडून दोरी वर ओढून घेतली, पुन्हा १५०. लिव्हर उचलायला ११५ न्यूटन. सांध्यांवर कोणी रंग मारू नये म्हणून लाल पट्टी लावलीय. केबिनमध्ये नवीन फरशी घालायची का, असं विचारणारा एक कागद पॅनलवर चिकटवलेला सापडला. त्यावर ब्लॉकच्या पाटीचा फोटो चिकटवला आणि खाली १५०० लिहून गोल केला.